नववी आणि दोन लाख ऐंशी हजार रुपये

पत्र

मॅडम, सप्रेम नमस्कार.

आम्ही खानापूर तालुक्यातले, विट्याजवळचे. आमचे हे कोइमतूरला असतात, गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं दुकान आहे, भाड्याचं. दिवाळीला आणि जत्रेला गावी येतात. मी इथे सासूबाई आणि दोन मुलांना घेऊन असते. थोरली आता नववीत जाईल. शाळा मराठी, पण सेमी. आठवीला ८६ टक्के पडले. मागच्या महिन्यात सांगलीच्या एका क्लासची माणसं घरी आली होती. नववी ते बारावी असा चार वर्षांचा फाउंडेशन कोर्स, फी २ लाख ८० हजार. १५ मेच्या आत भरली तर ४० हजार कमी. आत्ता नाही घातलं तर मग उशीर झाला म्हणून समजा, असं म्हणाले. धाकटे भावजी म्हणतात, दहावी झाली की सरळ राजस्थानात कोट्याला क्लासला पाठवा. हे म्हणतात, सगळ्यांना इकडेच आणतो, इथे सीबीएसई शाळा चांगली आहे. शाळेतले सर म्हणतात, अजून लहान आहे. मी स्वतः बारावी आर्ट्स. नीट, जेईई, सीईटी हे एकच की वेगवेगळं तेही मला नीट माहीत नाही. कॉलेजच्या तयारीसाठी आतापासून कोणत्या वर्षी काय करायचं ते सांगा. मुलीला विचारलं तर गप्प बसते. तशी हुशार आहे. गेल्या मे महिन्यात दुकानात गेली होती तेव्हा सगळ्यांना विचारत सुटली, तेजाबात, म्हणजे त्या ॲसिडमध्ये, चांदी विरघळते मग सोनं का नाही, आणि सोनं वेगळंच करायचं तर त्यात आधी आणखी चांदी कशाला टाकता. कारागीर हसायला लागले.

नाव छापू नये ही विनंती.

उत्तर

प्रिय ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. सगळ्या पत्रात क्लास, भावजी, कोटा, कोइमतूर, फी, आणि मुलगी शेवटच्या चार ओळींत. त्या चार ओळी तुम्ही सहज लिहून गेलात, पण उत्तराला धागा मला तिथेच सापडला. मी ३१ वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. माझ्या वर्गात गलाईवाल्यांची मुलं असायची, दुकानात वाढलेली. सोन्यात आधी चांदी का मिसळतात हे त्यांच्यातल्या एकानेही मला कधी विचारलं नाही. तेव्हा ह्यांना फोन करा आणि सांगा की कारागिरांना म्हणावं, हसू नका. त्या प्रश्नाकडे मी परत येते. आधी १५ मेचं बघू.

भरू नका.

कारणं सांगते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये क्लासवाल्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. १६ वर्षांखालच्या मुलाला प्रवेश देऊ नये, दहावीची परीक्षा झाल्यावरच घ्यावं, असं त्यांत स्वच्छ लिहिलंय. मुलाने क्लास मधेच सोडला तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत द्यावी, हेही लिहिलंय. तुमच्या घरी आलेल्या माणसांना या दोन्ही गोष्टी विचारा आणि त्यांचं तोंड बघा. सूचना कागदावर आहेत, गावोगावी पाळल्या जातातच असं नाही. पण चार वर्षांची फी एकदम मागणाऱ्याला आपण एवढं विचारू शकतो.

दुसरं कारण माझ्या घरचं आहे. माझ्या धाकट्याला मी नववीत अशाच एका क्लासला घातलं होतं. स्वतः शिक्षिका असून घातलं, कारण शेजारच्या तिघांनी घातलं होतं. सकाळी शाळा, संध्याकाळी क्लास, रात्री साडेनऊला घरी, जेवताना डोळे मिटायचे. दहावीला ९३ टक्के मिळाले, पेढे वाटले. अकरावीच्या जुलैमध्ये एका संध्याकाळी भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडून बसला होता. मी स्वयंपाकघरातून दोनदा डोकावले, पान तेच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणाला, "आई, हे मी तीनदा शिकलोय आणि मला एकदाही समजलेलं नाही." चौदाव्या वर्षी अकरावीचे तुकडे भरवले की हे होतं. शब्द तोंडात बसतात, वस्तू हाताला लागत नाही. आणि पुढे तोच धडा योग्य वयात समोर आला की मुलाला वाटतं, हे तर झालंय. सगळ्यांचं असं होत नाही. काही मुलांना अशा क्लासचा उपयोग झालेलाही मी पाहिलाय. पण ती मुलं स्वतः आईबापांच्या मागे लागून गेली होती.

आता एकच की वेगवेगळं. वेगवेगळं, ताई. डॉक्टरकीच्या सगळ्या वाटा नीटमधून जातात. ही एकच परीक्षा, देशभर, बहुधा मे महिन्यात. १८० प्रश्न, ७२० गुण, चुकलं की एक गुण कापतात. जेईई मेन ही एनआयटी आणि तसल्या केंद्रीय संस्थांच्या इंजिनिअरिंगसाठी. ती जानेवारी आणि एप्रिल अशी दोनदा होते, आणि तिच्यातून वर आलेल्यांनाच आयआयटीची पुढची परीक्षा देता येते. आपल्या राज्यातल्या कॉलेजांसाठी एमएचटी-सीईटी. इंजिनिअरिंग, फार्मसी, शेतकी या बऱ्याचशा वाटा तिच्यातून जातात. १५० प्रश्न, २०० गुण, चुकलं तरी गुण कापत नाहीत. तिच्यात अकरावीचा भाग साधारण २० टक्के असतो, बाकी बारावीचा. नीट आणि जेईईत मात्र अकरावी-बारावी जवळजवळ सारख्या तोलाच्या. वकिलीला वेगळी सीईटी, आर्किटेक्चरला वेगळीच परीक्षा, आणि साध्या बी.एस्सी., बी.ए., बी.कॉम.ला बऱ्याच ठिकाणी बारावीचे गुणच चालतात. यातल्या एकाही परीक्षेत नववीचा स्वतंत्र अभ्यासक्रम नाही. हे वाक्य क्लासच्या माहितीपत्रकावर तुम्हाला सापडायचं नाही.

कोटा आणि कोइमतूर या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एका नियमात आहे आणि तो बहुतेक घरांत उशिरा कळतो. आपल्या राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या मुलांसाठी असतात. त्या मिळायच्या तर महाराष्ट्राचा अधिवास लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी या दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून पास झालेल्या असाव्या लागतात. अपवाद आहेत, पण ते मुख्यतः बदलीच्या सरकारी नोकरीवाल्यांसाठी. धंद्यानिमित्त परमुलखात गेलेल्या तुमच्यासारख्यांना ते लागू होत नाहीत. मुलगी कोइमतूरला दहावी झाली तर वैद्यकीयचं हे दार पंधराव्या वर्षीच लागलं, आणि ते लागलंय हे कळणार अठराव्या वर्षी, फॉर्म भरताना. अभियांत्रिकीचे नियम याहून थोडे सैल आहेत. तिला डॉक्टर व्हायचंय की नाही हे आज तिलाही माहीत नसेल, म्हणूनच ते दार उघडं ठेवायचं.

ह्यांची घालमेल मला कळते. वर्षातून दोनदा मुलं दिसतात, माणसाला वाटणारच. मे महिन्याची सगळी सुट्टी मुलांना तिकडे पाठवा, दिवाळीला ह्यांना चार दिवस जास्त थांबू द्या. पण शाळा हलवू नका.

कोट्याचंही तेच. भावजी म्हणतील, नाव इथल्या कॉलेजात ठेवू आणि मुलगी तिकडे ठेवू, सगळे तसंच करतात. करतात खरे. त्याला डमी ॲडमिशन म्हणतात. अशी मुलं मी बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला पाहिली आहेत. ब्युरेट हातात दिली की तोटी कुठल्या बाजूला फिरवायची ते बघत बसतात, आणि मग परीक्षक दया येऊन गुण देतो. रसायनाच्या १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, तेव्हा दयेवर निभावतं. पण जी मुलगी तेजाबाच्या भांड्यात डोकावून प्रश्न विचारते तिला दोन वर्षं प्रयोगशाळेपासून लांब ठेवायचं, आणि त्यासाठी पैसे मोजायचे, हे मला तरी बघवणार नाही.

आता वर्षावार. नववीत तिच्याकडून मला तीनच गोष्टी हव्या आहेत, आणि त्यातली पहिली सगळ्यात मोठी.

एक दोनशेपानी वही घ्या. पान मधोमध दुमडायचं. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, खाली स्वतःच्या भाषेत एक ओळ. त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, संयुजा म्हणजे व्हॅलन्सी. तुम्ही म्हणाल, ती सेमीत आहे, तिला इंग्रजी शब्द येतात. येतात, पण सेमीच्या मुलांची गंमत अशी की शब्द इंग्रजीत पाठ असतो, अर्थ मराठीत अर्धवट असतो आणि दोघांची गाठ पडलेली नसते. अकरावीला विज्ञान शाखेत गेली की गणित, विज्ञान सगळं धडाधड इंग्रजीतून सुरू होतं, सर फळ्याकडे तोंड करून बोलतात आणि गावाकडून आलेली हुशार पोर शेवटून तिसऱ्या बाकावर गप्प होते. माझ्या वर्गात दरवर्षी अशा सातआठ मुली असायच्या. त्यांना विषय येत नव्हता असं नाही, वाक्य येत नव्हतं. दिवाळीपर्यंत त्यांतल्या निम्म्या सावरायच्या. उरलेल्यांनी मनाशी ठरवून टाकलेलं असायचं की विज्ञान आपल्याला झेपत नाही. ही वही नववी-दहावीत भरली तर तो जुलै-ऑगस्ट तिला जड जाणार नाही. नीट आणि जेईई मेनचा पेपर मराठीतूनही देता येतो हे जाताजाता सांगून ठेवते. तरी पुढचं कॉलेज इंग्रजीतच असतं, म्हणून वही हवीच.

दुसरी गोष्ट, आकडेमोड हाताने. अपूर्णांक, शेकडेवारी, घातांक, समीकरणात बाजू बदलताना चिन्ह. अकरावीच्या भौतिकशास्त्रात नापास होणारी निम्मी मुलं भौतिकशास्त्रात नापास होत नाहीत, अपूर्णांकात होतात. तिच्या वडिलांच्या धंद्यात तर टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढायचा हिशेब रोजचा आहे. दिवाळीला आले की अर्धा तास तिला शेजारी बसवून तो हिशेब कागदावर करायला लावा. इतक्या वजनाची लगड, इतका टंच, तर शुद्ध सोनं किती. पाठ्यपुस्तकातल्या शेकडेवारीपेक्षा ते तिच्या लक्षात राहील.

तिसरी गोष्ट तिचे ते दोन प्रश्न. पहिल्याचा अर्धा जबाब तिला दहावीच्या धातुविज्ञानाच्या धड्यात मिळेल. धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी म्हणून एक उतरंड असते, तिच्यात चांदी खाली आणि सोनं तिच्याही खाली. बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, तिला आत्ताच तो धडा वाचू द्या. तिथून ती आम्लराजापर्यंत जाईल, तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक, ज्यात सोनंही विरघळतं. मग तिचा पुढचा प्रश्न येईल की एकेकटं जे जमत नाही ते दोघं मिळून कसं करतात, आणि त्या प्रश्नाला अकरावी-बारावीचं रसायन लागेल. दुसरा प्रश्न, आधी चांदी का मिसळतात, याचं उत्तर मला माहीत आहे आणि मी इथे मुद्दाम देत नाही. तिच्या वडिलांना ते कामातून माहीत असणार, फक्त शब्दांत सांगायची त्यांना सवय नसेल. तिने फोनवर त्यांच्याकडून काढून घ्यावं. ते म्हणतील, नाहीतर आत राहते. काय राहतं, कुठे आत, कशामुळे, हे तिने विचारत जावं. शाळेतल्या सरांनाही गाठावं. एक तंबी मात्र देते. तेजाब तापलं की जो तांबूस धूर उठतो तो छातीला फार वाईट. दुकानात गेली तर भट्टीपासून आणि त्या भांड्यापासून लांब, दाराशी. कारागिरांनाही सांगा खरं तर.

नववीच्या मुलांसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा असते, मुंबईच्या विज्ञान शिक्षकांचं मंडळ ती घेतं, मराठीतूनही देता येते. लेखी झाली की प्रात्यक्षिक आणि पुढे प्रकल्पही असतो. शाळेत चौकशी करा. पदकासाठी नको, प्रकल्पासाठी द्या. तिचा विषय तर तिच्याकडे तयारच आहे. धाकटा आठवीत पोहोचला की त्याला एनएमएमएस या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा. सरकारी-अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे, उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, आणि नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात. थोरलीची ती संधी गेली.

दहावीबद्दल फार सांगत नाही, तुमच्या शाळेतले सर त्यासाठी पुरेसे आहेत आणि ते तुम्हाला लहान आहे म्हणाले म्हणजे समंजस दिसतात. एकच सांगते. सहापैकी चांगल्या पाच विषयांवर टक्के निघतात म्हणून मुलं एखादा विषय सोडून दिल्यासारखा करतात. तो विषय भूमिती असलेलं गणित नसावा. प्रमेयं लिहिताना जी शिस्त लागते ती पुढे कुठेच शिकवत नाहीत, धरूनच चालतात.

अकरावीचे प्रवेश २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत, विट्यालाही तेच. दहा पसंत्या भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे मैत्रिणीने भरलं म्हणून पहिल्या नंबरला सांगलीचं मोठं नाव आणि मग एसटीच्या वेळा जुळत नाहीत, असं करू नका. फॉर्म भरायच्या आधी तुम्ही दोघी त्या कॉलेजात जा. ऑफिसात जाऊ नका, प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहा. बेसिनला पाणी येतं का, बाटल्यांवरची लेबलं या वर्षीची आहेत का, मुलं आत आहेत का. मला पाच मिनिटांत कळतं, तुम्हाला दहा लागतील.

विषय घेताना तेव्हाही मन ठरलं नसेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. जड जातं, पण बारावीनंतर दोन्हीकडे जाता येतं. बायफोकल, म्हणजे एखादा व्यावसायिक विषय, घेतलं तर सहसा यातलं एक सुटतं, ते सही करायच्या आधी विचारून घ्या. क्लास लावायचाच असेल तर तो इथे, अकरावीत, आणि तोही पहिली घटक चाचणी झाल्यावर, तिला कुठे अडतंय ते कळल्यावर. आणि अकरावी हे विश्रांतीचं वर्ष आहे असं जो कोणी म्हणेल, मग ते भावजी असोत, त्याला चहा पाजा आणि विषय बदला. मी पाहिलेली बहुतेक मुलं बारावीत घसरली नाहीत, अकरावीच्या ऑगस्ट ते डिसेंबर घसरली, आणि कळलं बारावीत.

बारावीला करायचं काही नवीन उरत नाही. तारखा सांभाळायच्या, मागचे पेपर घड्याळ लावून सोडवायचे, झोप पुरी करायची. इंजिनिअरिंगला बोर्डाचे गुण धरत नाहीत म्हणून बोर्ड वाऱ्यावर सोडू नका. एनआयटीला ७५ टक्क्यांची अट असते, आणि परीक्षेच्या दिवशी ताप आला तर बी.एस्सी.चं दार बोर्डाच्या गुणांनीच उघडतं.

आता तुमचं काम. वरचं सगळं मुलीचं होतं. चार वर्षांत आईला करायचं ते म्हणजे कागद, आणि ते तिच्या अभ्यासाइतकंच महत्त्वाचं आहे, कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते. पत्रात तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही, मला कळायची गरजही नाही. राखीव प्रवर्ग असेल तर जातीचा दाखला आत्ताच काढा, आणि पडताळणीचा अर्ज अकरावीत कॉलेजमार्फत करा, बारावीची वाट बघू नका. पडताळणीला आजोबा-पणजोबांच्या शाळेचे जुने दाखले लागतात. सासूबाई आहेत तोवर त्यांना विचारून घ्या की मामंजी कुठल्या शाळेत किती शिकले, त्यांचे भाऊ कुठे शिकले. कागदाचा पत्ता बहुतेक वेळा म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात असतो. राखीव नसेल तर ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचं आरक्षण, बसतं का पाहा. अधिवासाचा दाखला सगळ्यांनाच लागतो. हे कोइमतूरला असले तरी रेशन कार्ड, मतदार यादी इथली चालू ठेवा, आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्यांच्या दुकानाचे कागद दिवाळीला येताना मागवून घ्या. ऐन जूनमध्ये कोइमतूरहून कागद येत नाहीत.

नॉन-क्रिमीलेयरच्या दाखल्यावर मुदत असते, ३१ मार्चची. हे मला माहीत होतं. माझ्याच मुलाच्या वेळी मी दाखला फाइलला लावून निर्धास्त बसले, आणि जूनमध्ये फॉर्म भरताना कळलं की मुदत मार्चमध्येच संपली. मग तीन दिवस तहसील कचेरी, सेतू, परत तलाठी, छत्रीला भोक आणि साडीचा काठ चिखलात. तिसऱ्या दिवशी तिथला शिपाई मला म्हणाला, मॅडम, तुम्ही तर मुलांना शिकवता ना. काय उत्तर देणार. म्हणून तुम्हाला सांगते, एका प्लास्टिकच्या पिशवीत सगळे मूळ कागद, वर एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर प्रत्येकाची मुदत.

या कागदांना रोकड किंमत आहे. २०२४-२५ पासून आपल्या राज्यात इतर मागास, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश सरकारी फेरीतून झाला असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृह, खानावळ, बाकीच्या किरकोळ फिया आपल्याच. तेव्हा ते २ लाख ८० हजार, नाहीतर सवलतीचे २ लाख ४० हजार, पोस्टात मुलीच्या नावाने ठेवा. चार वर्षांनी तिला पुण्या-मुंबईत राहायला लागतील, तेव्हा त्यांचा खरा उपयोग होईल.

रसायनाची गोडी टिकली तर कुठे, असं तुमच्या मनात येईल. माटुंग्याला आयसीटी आहे, १९३३ पासूनची, रसायन तंत्रज्ञानासाठीच काढलेली. तिथे सीईटीवरून जाता येतं, काही जागा जेईईवरून भरतात. पुण्याला पाषाणमध्ये आयसर आहे, ज्यांना शास्त्रच करायचंय त्यांच्यासाठी, पाच वर्षांचा अभ्यासक्रम, तिची स्वतःची प्रवेश परीक्षा. आणि अकरावी-बारावी नकोच वाटली तर दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. मिरजेला आणि कराडला शासकीय तंत्रनिकेतनं आहेत, कुठल्या शाखा आहेत ते जाऊन बघा. त्या वाटेला आपल्याकडे उगाच कमी लेखतात. पण ही नावं आज तिच्यासमोर काढू नका. गोडी टिकली तर, असं म्हटलंय मी. पुढच्या वर्षी तिला इतिहास आवडू लागला तर ते सगळं परत नव्याने बघायचं.

ती गप्प का बसते असं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मागच्या वेळी तिने तोंड उघडलं तेव्हा दुकानभर माणसं हसली होती. "तुला काय व्हायचंय" हे विचारणं वर्षभर बंद ठेवा. त्याऐवजी रात्री भाकरी करताना तिला म्हणा, आज त्या वहीत काय लिहिलंस ते मला सांग, मला काही कळत नाही त्यातलं. तुम्ही आर्ट्सच्या, ते खरंच आहे, आणि इथे ते उपयोगाचं आहे. ज्याला येत नाही त्याला समजावून सांगता सांगताच आपल्याला विषय कळतो. मी ३१ वर्षं तेच करत होते आणि त्याचा मला पगार मिळत होता.

एक राहिलं. तुमच्या मूळ पत्रात मुलीचं पूर्ण नाव दोन ठिकाणी आहे, छापताना ते काढलंय. एकीकडे वडिलांच्या नावाला राव लावलाय, दुसरीकडे नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरला कसं आहे आणि आधार कार्डावर कसं आहे, ते शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात बघून घ्या आणि एकसारखं करून घ्या. ती शाळेत आहे तोवर हेडमास्तरांना अर्ज करून दुरुस्ती होते. दहावीचं प्रमाणपत्र हातात पडलं की तो राव काढायला किंवा घालायला फार हेलपाटे पडतात.